राजा घाटावरचा सातवीचा तास

“मिस, या पत्रकात चिखल कुठेच नाही!”

राजा घाटाच्या पायऱ्यांवर सातवीच्या मुली खिदळल्या. गंगेचा पूर नुकताच ओसरला होता. पंपाच्या पाण्याने गाळ धुणं चालू होतं. त्यांच्या इंग्रजीच्या मिस ऋताने मुलींना दोन इंग्रजी मजकूर दिले होते — एक वर्तमानपत्रातली या गाळाची बातमी, दुसरं पर्यटकांसाठी छापलेलं हॉटेलचं पत्रक.

“कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिलंय… ते आधी बघा,” ती म्हणाली.

“पत्रकवाला झूठा है, मिस!” शरदिनीने निकाल दिला.

“झूठा नाही हो… जरा हौशी आहे.”

ऋता वळली. मागे एक तरुण उभा होता. चपला हातात, पाय गाळाने माखलेले.

“मी देवदत्त. इथेच दूधविनायक मोहल्ल्यात राहतो. ते पत्रक मीच लिहिलंय.”

मुलींनी त्याला घेरलंच. “‘सोनेरी पायऱ्या’ ही माहिती की तुमचं मत?”

“मत,” तो ओशाळून म्हणाला. ऋताने हसू दाबलं… आणि ते त्याला दिसलं.

मग दर शनिवारी तो शाळेच्या फाटकाशी येऊ लागला. कधी रेल्वेची माहितीपुस्तिका, कधी संग्रहालयाचं पत्रक आणायचा.

“मुलींसाठी,” तो म्हणायचा. बघायचा मात्र ऋताकडे.

“मुली वर्गात आहेत.”

“हो का? लक्षातच नाही आलं.”

माघात, मुन्शी घाटावर धुकं उतरलेलं असताना, चहाचा मातीचा कुल्हड हातात फिरवत तो म्हणाला, “दिल्लीच्या एका ट्रॅव्हल कंपनीने नोकरीला बोलावलंय. सोमवारी कळवायचंय…”

“जा ना,” ऋता कशीबशी म्हणाली. “चांगली संधी आहे.”

त्याने कुल्हड खाली ठेवला. मग मान हलवून पायऱ्या चढू लागला. धुक्यात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग स्वेटर…

“अहो!” ती धावलीच. “जा… पण मला विचारून जा.”

“काय विचारू?”

“एवढी इंग्रजी येते, आणि हे नाही समजत?”

देवदत्त हसला. मग एकदम गंभीर झाला. “ऋता… लग्न कराल माझ्याशी? दिल्लीतही शाळा असतील.”

तिचे कान तापले. “असतील. पण माझ्या मुलींची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर थांबावं लागेल.”

“थांबतो,” तो म्हणाला, आणि तिथल्याच गार पायरीवर बसला.