सातवा टाका

जिन्याच्या वळणावर ती निळ्या कापडाचा ढीग छातीशी कवटाळून उतरत होती आणि तो तक्रार घेऊन चढत होता. दोघं आपटले. कापड उलगडून त्याच्या डोक्यावर पडलं आणि आतून आवाज आला, “वरचं शिवणाचं मशीन तुमचंच का?”

ओळख झाली ती अशी.

तो तळमजल्यावर पियानो दुरुस्त करायचा. तारा जुळवताना त्याला शांतता लागे, आणि वरून दिवसभर मशीनची खडखड, त्यात मध्येच एक टक्. मशीनचा चामडी पट्टा जुना होता, त्याची दोन टोकं तारेच्या कडीने जोडलेली. कडी चाकावर आली की टक् व्हायचं, बरोबर दर सातव्या टाक्याला. हा गोंगाट थांबवता येईल का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं.

गोंगाट हा शब्द तिला असा झोंबला म्हणता!

“आणि तुम्ही सकाळपासून एकच पट्टी चाळीस वेळा ठोकता, ते काय?”

“ते... सूर लावणं आहे.”

“म्हणजे तुम्ही ठोकलं की सूर, मी शिवलं की गोंगाट. छान.”

तो समजावू लागला. संगीत कुणीतरी मनात आणून करतं. तिचं टक् काय, मशीन जुनं म्हणून आपोआप होतं. तिने कापड ओढून घेतलं, त्याच्या खांद्यावर राहिलेला निळा धागा चिमटीत उचलला – रागातच – आणि निघून गेली. त्याचे कान लाल झाले होते, एवढं मात्र तिने पाहून घेतलं.

त्यानंतर पंधरा दिवस भांडण जिन्यातच नांदलं. तो वर येताना नेमकं तिला खाली जायचं असे. वरचं शिवणाचं दुकान तिच्या मावशीचं. हिला हल्ली दिवसातून चार वेळा दोरा कसा संपतो, असं मावशी गिऱ्हाइकांना विचारायची.

निळं कापड नाट्यगृहाच्या पडद्याचं होतं. मावशीच्या नव्हे, स्वतःच्या नावावर तिने घेतलेलं हे पहिलं मोठं काम. एका दुपारी ती तिथे माप घ्यायला गेली, तेवढ्यात त्या शहाण्याने मावशीला विचारून मशीनला नवा, बिनजोडाचा पट्टा बसवला. मावशीने वर त्याला चहा पाजला.

ती परतली, पाय मारला, आणि मशीन नुसतं कुजबुजलं.

आता पंचाईत अशी की पडद्याच्या चुण्या ती कानाने मोजत असे. तीन वेळा टक् झालं की एक चुणी. डोळा कापडावर, मोजणी कानात, अशी आठ वर्षांची सवय. टक् गेलं आणि मोजणी गेली. एक चुणी बोटभर, दुसरी चार बोटं. तिसऱ्या दिवशी नाट्यगृहाचा व्यवस्थापक पाहून गेला. परवा पडदा नीट मिळाला नाही तर काम दुसऱ्याला, असं सांगून गेला. खडूने आखत बसलं तर चार दिवस हवे होते.

ती तरातरा खाली गेली.

“माझ्या मशीनला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

तो उठून उभा राहिला. तिने चुण्यांचं सगळं त्याला ऐकवलं. मग समोरच्या पियानोची पट्टी स्वतःच दाबली. सूर लांबत गेला, जरासा डुलत.

“हे डुलतंय, ते काय?”

“दोन तारा जुळल्या नाहीत की डुलतं. ते डुलणं मोजूनच मी...” तो थबकला.

“बोला ना. तुम्हीही चुकीवरच मोजता. मग तुमची चूक विद्या, आणि माझी गोंगाट?”

तो मागे वळला आणि खिळ्यावरून एक जुना चामडी पट्टा काढला... कडीसकट.

“फेकला नाहीत?”

“नाही फेकवला.” तो पट्ट्याकडेच बघत होता. “तीन दिवस झाले, पट्टी दाबतो आणि थांबतो. वरून टक् आलं की पुढची दाबायची, असं हाताला लागलंय. कधी लागलं, कळलंच नाही. मी चुकलो. ते कुणी मनात आणून केलेलं नव्हतं... पण मी रोज त्याची वाट बघत होतो. तुमचीही.”

तिचा राग होता तिथेच होता, फक्त बसायला जागा शोधत होता. “आधी पट्टा बसवा,” ती म्हणाली.

त्याने बसवला आणि खाली गेला. ती शिवू लागली. टक्. खालून लगेच एक सूर आला. टक्. पुन्हा सूर. चुण्या सरळ पडत चालल्या. मावशीने मान वर केली आणि दार थोडं उघडं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्याची शेवटची चुणी आली. तिसरं टक् व्हायला एकच टाका उरला होता. तिने पाय थांबवला.

खाली शांतता. जिन्यातून हाक आली, जरा घाबरलेली, “काय झालं? सातवा राहिला.”

“तो तुम्ही येऊन घाला,” ती म्हणाली. “आणि यापुढे... विचारून.”

पावलं दोन-दोन पायऱ्या गाळत वर येऊ लागली. अगदी बेताल.