बदकाचा मोजा

लिफ्ट मध्येच अडकली आणि तिच्या काळजात धस्स झालं. भय लिफ्टचं नव्हतं हो, शेजारच्या माणसाचं होतं. तो संशोधनातला परीक्षक होता, आणि तिच्या हातात चिमणी नावाच्या पोरीचा पिवळा, बदकाच्या तोंडाचा हातमोजा होता. वर तिच्या आईने हौसेनं नाव शिवलेलं.

चिमणी दवाखान्यात तिच्याकडे व्यायामाला यायची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, त्यामुळे डावी मूठ कायम मिटलेली. तिथलं संशोधन असं, की काही मुलांच्या चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास खेळ करून घ्यायचे. बाकीच्यांना नेहमीचे व्यायाम. शेवटी हात तपासून गुण द्यायचे ते परीक्षकाने; पण कुणाला काय, हे त्याला आधीच कळलं की त्या मुलाचे गुण बाद. सगळी मेहनत पाण्यात.

"ते आधी लपवा," तो म्हणाला. डोळे त्याने घट्ट मिटले होते.

"पाहिलंत?"

"पिवळं काहीतरी... रुमाल असेल."

"रुमालच," तिने मोजा पर्समध्ये कोंबला. "उघडा आता."

"राहू दे. तुम्ही हसताय ते ऐकू येतंय."

मग रोज संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर दोघांचा चहा सुरू झाला. कामाचं अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं. तो मावशीच्या आगाऊ मांजराचे किस्से सांगायचा, तेही कपात बघत. तिची बहीण म्हणाली, "याच माणसावर जीव जडायचा होता? हात दाखवून अवलक्षण." खरंच होतं ते. रोज मोजा चढवला की चिमणी रडायची, "ताई, काढ ना," आणि ही काळजावर दगड ठेवून नाही म्हणायची. हे सारं फक्त त्यालाच सांगावंसं वाटे... आणि जीभ घसरेल या भीतीने ती मांजराचंच विचारत राही.

शेवटच्या तपासणीला तिने चिमणीला बजावलं, "मोज्याचं बोलायचं नाही हं. बोलावंसं वाटलं तर तोंडावर हात ठेव."

दार बंद झालं. ती बाहेर थांबली. मूठ उघडलीच नाही तर? पोरीला उगाच रडवलं, असं झालं तर?

तो बाहेर आला, चेहरा कोरा. "गुण देऊन झाले. आता बोलता येईल."

"बोलली का ती काही?"

"छे. काही विचारलं की तोंडावर हात."

"कोणता?"

"डावा," तो हळूच म्हणाला. "उजव्यात माझं पेन होतं, ते सोडायला तयार नव्हती. पाचही बोटं उघडी होती."

ती बाकावर बसली ती रडतच. तो शेजारी टेकला.

"मलाही एक सांगायचंय... तुमच्याकडे पाहिलं तर तुमच्या तोंडावरूनच सगळं कळेल, अशी धास्ती होती मला."

"म्हणून कपात बघायचात?"

"हो. आता तुमच्याकडे बघू?"

तिने चिमणीसारखा तोंडावर हात ठेवला. त्याने तो अलगद बाजूला केला, आणि हातातच ठेवला.