पर्यटक असेपर्यंत

गाडीचं दार उघडून ती ऐटीत आत बसली, पर्स मांडीवर घेतली, हात पुढे केले… आणि हाताला स्टिअरिंगच लागेना.

स्टिअरिंग चोरीला गेलं नव्हतं, पलीकडच्या बाजूला होतं. आणि त्या बाजूच्या खिडकीत गाड्या भाड्याने देणारा वाकून उभा होता, बोटात किल्ली फिरवत.

चूक कबूल करेल तर ती कसली! तिने समोरचा कप्पा उघडला, आत डोकावली, पुन्हा लावला.

"कप्पा बघत होते," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

"आभारी आहे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "गाडी मात्र इकडून चालते."

आपल्या देशात ही बाई दातांची डॉक्टर, भल्याभल्यांना 'आ' करायला लावणारी. सुट्टीत ताईकडे आली होती. ताईचा पाय प्लास्टरमध्ये, भावोजी फिरतीवर, तेव्हा गाडी चालवायचं काम हिच्या गळ्यात पडलं. लायसन खरं होतं, जोडीला आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिकाही होती. कायद्याची काही हरकत नव्हती. पण दुकानाचा स्वतःचा एक नियम होता. परदेशी लायसन असेल, तर आधी दुकानदाराला शेजारी बसवून एक फेरी मारून दाखवायची, मगच गाडी न्यायची. मागे म्हणे एक पाहुणा गाडीसकट बेकरीत शिरला होता आणि पाव न घेताच बाहेर आला होता.

फेरी सुरू झाली. वळण आलं, तिने सवयीच्या हाताने दांडी ओढली, तर इंडिकेटरच्या जागी वायपर फिरू लागले. कडक उन्हात, कोरड्या काचेवर, करकर करत. त्याने मान वाकडी करून आभाळ न्याहाळलं आणि पाऊस येणारसं दिसतंय, असं म्हणाला. तिने ऐकलं नसल्याचं दाखवलं.

पुढे गोल चौक. त्यात ती शिरली झोकात, पण बाहेर पडायला कुणी फट देईना. ती फिरतेय, फिरतेय… मधल्या पुतळ्याला गरगरायला लागलं, असं तिथले लोक अजून सांगतात. खोटं नाही, त्या दिवसापासून तो किंचित कललेला आहे. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. हा शांत. फक्त त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"तिथे ब्रेक नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. पायाला माहीत नाही."

तिला हसू फुटलं, आणि हसण्याच्या भरात ती चौकातून बाहेर कधी पडली, तिलाच कळलं नाही.

आता खरं तर गाडी देऊन टाकायची. पण त्याला आठवलं, की घाटाची फेरी राहिली. दुसऱ्या दिवशी घाट झाला, तर अरुंद गल्लीत गाडी लावायची राहिली. मग ओल्या रस्त्यावरची. ताईने प्लास्टरवर टिचक्या मारत विचारलं, की आम्ही इथे नवीन असताना गाडी घेतली, तेव्हा बेकरीपर्यंतच फेरी घेऊन उतरून गेला तो, तुझ्यासाठीच नियम एवढा लांबला कसा? उत्तरादाखल डॉक्टरीणबाई आंघोळीला गेल्या. सकाळपासून दुसऱ्यांदा.

ओल्या रस्त्याच्या फेरीला पाऊस इतका लागला, की समुद्राकाठी गाडी थांबवावी लागली. काचा धुरकटल्या. त्याने बाहीने काच पुसली, पण तिच्या बाजूचीच. मग समोर बघत म्हणाला, की परतीचं तिकीट कधीचं, हे तो कुठल्याच गिऱ्हाईकाला विचारत नाही.

"गाड्या परत येतात. माणसं… येत नाहीत."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं— आणि नेमका तेव्हा तो मेला पाऊस थांबला.

सुट्टी संपली. ताईचं प्लास्टर निघालं. घरी दवाखाना वाट बघत होता, वेळा ठरवून ठेवलेले पेशंट होते. त्याने गप्प राहून निरोप दिला, तर ती विमानात बसणार होती, आणि बसली की संपलं, हे दोघांनाही कळत होतं. सगळ्या फेऱ्या संपल्यावर मिळालेली गाडी ती परत द्यायला आली. तो गाडीभोवती फिरला, पुन्हा फिरला, आणि कुठेच ओरखडा नाही, असं दुखवट्याच्या आवाजात म्हणाला.

"एक विचारू? मी पर्यटक राहिले नाही, तर हे लायसन चालेल?"

"नाही." नियम सांगताना त्याला धीर यायचा. "इथे राहायला आलं, की परदेशी लायसन थोडेच दिवस चालतं. मग इथली परीक्षा. आधी लेखी, मग गाडीवर."

"दातांचंही तसंच आहे. जवळजवळ पहिल्यापासून शिकायचं. चौकशी केली मी."

गाडीच्या टपावर फिरणारा त्याचा हात थांबला.

"एवढं सगळं… कशासाठी?"

"ते तुम्ही सांगायचं. कारण असेल तर सांगा. नसेल, तर ही किल्ली घ्या. मी निघते."

वाहतुकीचे सारे नियम पाठ असलेल्या त्या माणसाला त्या क्षणी एकही नियम आठवेना. किल्लीकडे त्याने बघितलंही नाही.

"आहे," तो म्हणाला. "कप्पा बघत होतीस ना, तेव्हापासून आहे. जाऊ नकोस… म्हणजे जा. दवाखान्याचं काय ते बघ. पण परत ये."

"येईन. राहायलाच येईन."

"परीक्षा कडक असते हं. पहिल्या खेपेला नापासच करतात."

"करू देत," ती म्हणाली. "शिकवणाऱ्याला तेवढेच दिवस जास्त."

तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. हात मात्र काढून घ्यायला साफ विसरली.