साचा नंबर पाच

"एवढ्या उन्हात म्हातारीला घेऊन कुठं निघालात?"

मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

नारायणगावात आमच्या प्रेससमोर एक एम-एटी गाडी येऊन थांबली होती. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं, दोरीनं बांधलेलं कुणीतरी बसलं होतं आणि चालवणारा एका हातानं त्याला सावरत होता. मला वाटलं, आई असेल, दवाखान्यात चालली असेल.

त्या माणसानं मागं वळून गोधडीकडं पाहिलं... मग माझ्याकडं.

"म्हातारीच म्हणा, बाई. पिंपरीच्या कंपनीनं भंगारात काढली. पर नजर अजून शाबूत हाय."

त्यानं गोधडीचं टोक उचललं. आत कॉम्प्युटरचा पडदा होता.

मी हसले. भर गल्लीत, प्रेसच्या पायरीवर उभी राहून, पदर तोंडाला न लावता हसले. समोरच्या एसटीडी बूथमधून सरूबाईनं मान बाहेर काढून बघितलं, इतकं मोठ्यानं. मी विधवा होते, चाळिशी ओलांडलेली होते आणि अशा बाईनं गल्लीत कसं हसायचं याचे नियम ठरलेले होते. तो माणूस मात्र नुसता बघत राहिला. वळचणीला पाखरू आलं की माणूस हलत नाही ना, तसा.

त्यांचं नाव रविंद्र. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मी ते छापलेलं आहे.

हे नव्याण्णव सालचं सांगते आहे. प्रेस माझ्या सासऱ्यांच्या नावाची. मालक, म्हणजे माझे पहिले यजमान, गेले तेव्हा मी ऐन तिशीत होते. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तेच करत राहिले. माझे दीर गेणभाऊ द्राक्षबाग बघायचे आणि प्रेसची पाटी पुसायला दसऱ्याला यायचे. बाकी वर्षभर मी. माघापासून वैशाखापर्यंत मान वर करायला सवड नसे. इकडं लग्नपत्रिका, तिकडं गावोगावच्या जत्रांची पत्रकं, तमाशाच्या फडांच्या जाहिराती. त्यात वीज जायची. गिऱ्हाईक पायरीवर बसून राहायचं आणि मी मेणबत्तीशी भांडत बसायची.

रविंद्र आणे गावचे. पिंपरीची नोकरी सुटल्यावर परत आले होते, गावोगावचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. लग्न राहून गेलं होतं. आधी बहिणींची, मग भावाचं, मग वयच निघून गेलं. एकदा माझं रखडलेलं काम बघून म्हणाले, "बाई, वीज जाती ती फक्त तुमच्या बाजूची. समोर सरूबाईकडं बघा, पंखा फिरतोय."

खरंच होतं. गल्लीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या लाइनी. इकडची गेली की तिकडची असायची.

"मग काय मी रस्ता वलांडून छापू?"

"तुमी नका वलांडू. काम वलांडंल."

त्यांनी खरंच तसं केलं. एक कॉम्प्युटर माझ्याकडं, एक सरूबाईच्या बूथमध्ये, दोन्हीकडं एकेक जुना प्रिंटर, आणि मधे गल्लीवरून काळी वायर. एका कामाचे दोन वाटे व्हायचे. अर्धं इकडची मशीन करायची, अर्धं तिकडची. एकीची वीज गेली की तिच्या वाट्याचं दुसरी ओढायची. सगळ्या कामाची एकेक नक्कल दोघींच्या पोटात असायची.

"म्हंजे जावाजावांसारखं," मी म्हणाले.

"न्हाई वो. जावा भांडत्यात. ह्या एकमेकीचं बिनतक्रार करत्यात."

"मग तुमी खऱ्या जावा बघितल्याच न्हाईत."

"एकटा माणूस मी. कुठनं बघणार?" असं म्हणून खाली बघत उगीचच वायर गुंडाळत बसले. ती आधीच गुंडाळलेली होती.

त्याहून मोठी करामत होती साच्यांची. पत्रिकेचे चार साचे त्यांनी मशीनमध्ये भरून ठेवले. एक नंबर दाबला की वर गणपती, मुलीच्या मागं चि. सौ. कां., खाली शुभविवाह. दोन नंबर दाबला की नमो बुद्धाय, मुलाला आयु., मुलीला आयुष्मती, मंगल परिणय. तीन नंबर जुन्नरच्या मुसलमान गिऱ्हाइकांचा, चार जैनांचा. आपण नुसती नावं भरायची. पाकिटांवरसुद्धा घरोघरची नावं आपोआप उमटायची. छापील नाव बघून माणसं खूश. मंचरहून, ओतूरहून लोक यायला लागले.

"आता माणसानं डोकं चालवायचंच न्हाई," रविंद्र अभिमानानं सांगायचे. "नंबर दाबायचा, बास."

चैत्रातली एक दुपार. मी इकडं, ते तिकडं बूथमध्ये. या मशीनवरून त्या मशीनवर निरोप पाठवता येतो का, ते बघत होते. माझ्या पडद्यावर एकदम काहीतरी उमटलं. अक्षरं कसली... आकडे, टिंबं, शेपट्या.

मी दारात आले. "अहो, ह्या मुंग्या कशाला पाठवल्यात?"

तेही दारात आले. "मुंग्या?... आं. मराठी अक्षरं त्या मशिनीत भरायची राह्यली वाटतं."

"काय लिहिलं व्हतं?"

"काय न्हाई. असंच."

"मशिनीत न्हाईत अक्षरं. तोंडात हायेत का?"

बूथमध्ये सरूबाई फोनवर कुणाला तरी "थांब गं जरा" म्हणाली. गल्लीतून टोमॅटोचा टेम्पो गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोन दारांत दोघं उभे. धूळ खाली बसली तेव्हा त्यांचे कान लाल झालेले दिसले.

"लिहिलं व्हतं," ते म्हणाले, "की... बाजारात मोगरा आलाय. तुमी माळत जा."

बस, एवढंच. आजकालच्या पोरींना हे प्रेमपत्र वाटणार नाही. पण माझ्या केसांना मालक गेल्यापासून फूल लागलेलं नव्हतं. मी आत जाऊन खुर्चीवर बसले. पडद्यावरच्या मुंग्या तशाच होत्या. मी त्या पुसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गजरा घेतला. फुलवाली विचारते, "देवाला का?" मी म्हणाले, "न्हाई. मला."

गजरा गल्लीभर झाला. सरूबाई कानात येऊन म्हणाली, "काय गं द्रुपदे, वायर तापली म्हणायची!" संध्याकाळी गेणभाऊ आले. स्टुलावर बसले. माझ्या डोक्याकडं बघून जमिनीकडं बघितलं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"छपाई."

"थट्टा नको. लोकं मला विचारत्यात. एक तर तुमचं असं... त्यात तो माणूस कुठला, कोणाचा..."

"आण्याचा हाय. कोणाचा ते अजून ठरायचंय."

भाऊजींचा चेहरा जत्रेतल्या फुग्यासारखा झाला. "प्रेसला आपल्या घराण्याचं नाव हाय. एवढं ध्यानात ठेवा." उठले आणि गेले. खरं सांगते, तोवर माझ्या मनात नुसता मोगरा होता. भाऊजींनीच तो विषय लग्नापर्यंत नेला.

मी सकाळी रविंद्रना विचारलं. सरळ. त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला, ते शोधायला वाकले, आणि वाकलेलेच बोलले.

"मला लई दिवसापासून... पर मी विचारलं नसतं. तुमचं गिऱ्हाईक तुटंल. हे दुकान म्हंजे तुमचा जीव हाय."

"वर या आधी. टेबलाखालून हो म्हणत्यात का कुणी?"

ते वर आले. डोळे भरलेले. "हो. पर असं करू, गुपचूप नोंदणी करून येऊ. बोभाटा नको. पत्रिकाबित्रिका काय नको."

सगळं जमलं होतं ते इथं अडलं.

"पत्रिका पाहिजे," मी म्हणाले.

"कशाला हट्ट? लोकं दगड मारतील."

"मी जल्मभर लोकांच्या पत्रिका छापल्या. शिशाचे खिळे उचलून बोटं झिजली माझी. जी सून सासरी नांदली न्हाई तिची पण छापली, ज्या म्हाताऱ्यानं चौदा वर्षांची पोर केली त्याची पण छापली. त्यांना कुणाला लाज वाटली न्हाई. माझ्याच वेळेला गुपचूप? पत्रिका निघंल, पाकिटावर नावं छापून घरोघर जाईल. न्हाईतर लग्न न्हाई."

ते खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. "सांगा नावं."

त्यांनी एक नंबर दाबला. माझं नाव भरलं. मशीननं त्याच्यामागं चि. सौ. कां. लावलं. मला हसू फुटलं. त्यांनी ते खोडलं, पण मशीन जागा रिकामी सोडेना. पर्याय दोनच होते: श्रीमती किंवा गं. भा. त्यांनी गं. भा. घातलं, तर पडद्यावर आलं, वधूच्या रकान्यात हे चालत नाही. पुढं वराचं नाव. आयु. रविंद्र. मशीननं टुण्ण आवाज केला. साचा जुळत नाही. दोन नंबर दाबला, तर माझ्या नावाला टुण्ण. परत एक, परत टुण्ण.

रविंद्र पडद्याकडं बघत राहिले. हे सगळं त्यांनीच लिहिलेलं होतं. हळूच म्हणाले, "मीच केलंय, द्रुपदा. माझ्या डोक्यात पण ह्येच चार व्हते."

मला त्यांनी पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारली होती. आणि तीही मशीनला शिव्या देण्याऐवजी स्वतःला देताना.

"मशिनीला काय विचारत बसलात?" मी म्हणाले. "मशिनीला सांगायचं असतं. पाचवा करा."

"वर काय घालू?"

"तुमच्या नावावर तुमचं नमो बुद्धाय. माझ्या नावावर माझा खंडोबा. दोन्ही एका ओळीत. कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई."

"मधे रेघ मारू?"

"नको. रेघ मारणारी माणसं बाहेर ढीगभर हायेत."

"आणि तुमच्या नावामागं?"

"काय नको. नुसतं द्रुपदा. तेवढं पुरतं."

तो साचा जमवायला दोन-तीन दिवस गेले. त्या दिवसांत त्यांनी एकदाही गुपचूपचं नाव काढलं नाही. उलट अक्षर जाड करू का, म्हणून विचारत होते. काम मशीनवर चढवलं, अर्धं इकडं, अर्धं तिकडं, आणि कोरी कार्डं पुण्याहून यायची वाट बघत बसलो.

कार्डं आली त्या सकाळी प्रेसला कुलूप होतं. गेणभाऊ पायरीवर, पाटी काढून बगलेत.

"आता छापा," ते म्हणाले.

गल्ली गोळा झाली. रविंद्रांच्या हातात कार्डांचा गठ्ठा. मी त्यांच्याकडं बघितलं... हाच तो क्षण. ते आता म्हणू शकत होते, बघ, मी सांगत होतो. त्यांनी गठ्ठा खांद्यावर घेतला, गल्लीवरच्या त्या काळ्या वायरकडं बघितलं आणि गालात हसले.

"गेणभाऊ," ते अगदी अदबीनं म्हणाले, "कुलूप चांगलं हाय. पर काम तुमच्या आधीच रस्ता वलांडून गेलंय."

आणि रस्ता ओलांडला. सगळ्यांसमोर, भर दिवसा, माझ्याबरोबर, पावलाला पाऊल लावून. सरूबाईनं बूथचं दार उघडून धरलं होतं. "या, या! अर्धं लगीन माझ्या मशिनीत हाय म्हटलं!"

आतल्या मशीनच्या पोटात आमचं सगळं काम नक्कल होऊन बसलेलंच होतं. त्यांनी पाच नंबरवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. माझा हात घेतला, माझं बोट ठेवलं, वर त्यांचं. प्रिंटर खडखडला, आणि पहिलं कार्ड बाहेर आलं, गरम, भाकरीसारखं. मी ते गेणभाऊंना दाखवायला बाहेर नेलं नाही. काचेला आतून चिकटवलं. ज्याला वाचायचं त्यानं यावं.

भाऊजींना पाकीट गेलंच. 'सहकुटुंब सहपरिवार', छापील नावानं. भाऊजी आले नाहीत. कुटुंब तेवढं आलं. कोंडाबाई, माझी जाऊ, मागच्या रांगेत बसली, आणि जाताना माझ्या गजऱ्यातली एक कळी खुडून घेऊन गेली. आण्याहून रविंद्रांची आई, जानकाबाई, ट्रॅक्टरभर माणसं घेऊन आली आणि मला म्हणाली, "बोलणारी दिसतीस. बरं झालं. ह्याला बोलता येत न्हाई."

काही गिऱ्हाईक तुटलं, ते तुटलं. कुलूप प्रेसला पुढं बरीच वर्षं तसंच होतं. आत खिळे अडकले आणि एक मशीन, पण आमचं काम तर सगळं इकडं होतं. बूथ बंद झाला तेव्हा सरूबाईनं जागा आम्हालाच दिली. पाटी नवी केली. तिच्यावर घराणं नाही, 'रविंद्र–द्रुपदा' एवढंच आहे.

आता लोक फोनवर पत्रिका पाठवतात. तरी येतात. मागच्या महिन्यात मंचरकडची एक जोडी आली. मुलगी पायरी चढताना दोनदा मागं बघत होती. टेबलाशी वाकून, अगदी हळू विचारते, "आजी... तुमच्याकडं तो... दोन्हीकडचा साचा असतो ना?"

रविंद्र आत बसलेले. कानांनी आता कमी ऐकू येतं. मी आत तोंड करून हाक मारली, "अहो, पाच नंबर काढा!"

"काय?"

"पाच नंबर! ह्या पोरीचं लगीन हाय! पाच नंबर!"

गल्लीत दोन-तीन दारांतून माना बाहेर आल्या. मुलगी घाबरली, मग माझ्याकडं बघून हसायला लागली.

त्यांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं ओरडावं लागतं. येत असतं, तरी ओरडलेच असते.