डावा हात ऐकतो

नागपूरच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत केतकी डांगरे डाव्या हाताने चेंडू आपटत होती. नजर समोरच्या भिंतीवर, चेंडूकडे पाहायचं नाही. सोप्या कामाला लोक डाव्या हातचा मळ म्हणतात. केतकीचा डावा हात मात्र महिन्यापूर्वी इतका ठोंब्या होता की बास्केटबॉल संघातून तिची गच्छंती ठरलेलीच होती. आता तोच हात पायांमधून, पाठीमागून चेंडू लीलया फिरवत होता.

"सोड!" प्रशिक्षक वैरागडेताई ओरडल्या. चेंडू सुटला आणि भिंतीवरच्या खुणेवर नेमका आदळला.

"मी ठरवायच्या आधीच हात उघडला," केतकी म्हणाली.

"तीच तर गंमत!" डॉ. पांढरीपांडे खुशीत होते. "एरवी हुकूम कानातून मेंदूत जातो, मेंदू अर्थ लावतो, मग हात हलतो. आपला श्रुतिसेतू कान थेट हाताच्या मज्जातंतूंशी जोडतो. विचाराचा वेळच वाचतो."

"पण काल आई म्हणाली, 'सोड तो विषय', आणि माझ्या हातातून उकळत्या दुधाचं पातेलं पडलं. पाय थोडक्यात वाचला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सेतूला अर्थ कळत नाही गं. फक्त आवाज कळतो. मग तो कुणाचाही असो."

"मग काढा ना तो!"

"काढण्यासारखं यंत्र आता तुझ्या अंगावर उरलेलं नाही. सरावाने ती वाट तुझ्या अंगातच तयार झाली आहे. बुजायला सहा महिने तरी लागतील."

वैरागडेताईंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, "यापुढे तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. मीसुद्धा नाही. 'पास' म्हणायचं." केतकीला इथे त्यांनीच आणलं होतं. ते त्यांना आता खात होतं.

केतकीने स्कूटर चालवणं बंद केलं. शेजारणीचं बाळ घेईना. सोडावॉटरची गाडी दिसली की ती पिशवी उजव्या हातात घ्यायची. स्वतःच्याच हाताची भीती वाटणं म्हणजे काय, हे सांगायचं तरी कुणाला?

आठवड्याने क्रीडागृहात सराव होता. कॅमेरा नीट करायला ताई प्रेक्षकांच्या वरच्या गॅलरीत चढल्या, सोबत केतकी होती. ताई कठड्यावरून वाकल्या आणि कठडा उखडला.

केतकीने झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं, डाव्या हाताने. उजव्या हाताची मिठी खांबाला होती. तीस फूट खाली नुसतं सिमेंट. पहारेकरी शिडी आणायला धावला.

ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. ओरडायचीसुद्धा त्यांना चोरी होती, तोंडून भलतंच निघालं तर? पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. केतकीच्या डाव्या हाताची पकड मात्र लोखंडासारखी होती. शिडी फरशीवर घासत जवळ येत होती. अजून दहा पावलं, फार तर बारा.

ताईंचा तो चेहरा केतकीला बघवेना. तिचा जीव कळवळला. त्यांना धीर द्यायला हवा, एवढंच तिला सुचलं.

"घाबरू नका ताई," ती म्हणाली, "मी तुम्हाला सोडणार नाही."

तिच्या तोंडून 'नाही' निघालं, तेव्हा हात रिकामा होता.