सालींतले धागे

ओल्या कचऱ्यात वाळलेले धागे असले तर तो चांगला पिळला जातो आणि धागे काढून टाकले तर पिळलाच जात नाही. असं का, सांगा पाहू. मला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच झाली.

आमच्या गावात केळीची पावडर करणारा कारखाना आहे. त्याच्या बिनचालक ट्रॉल्या रोज सालींचे ढीग तडवी वस्तीमागे ओतून यायच्या. सालींत नव्वद टक्के पाणी. ते सडून झिरपायचं आणि वस्तीच्या विहिरीत उतरायचं. माझी मैत्रीण सायरा शाळेआधी दोन किलोमीटरवरून पाणी आणायची. उन्हाळ्याच्या आत काही झालं नाही तर तिच्या घरचे गाव सोडणार होते.

माझे आबा, म्हणजे आजोबा, निवृत्त शास्त्रज्ञ. त्यांनी ‘पिळ्या’ बनवला. पिळ्या म्हणजे बोलणारा स्क्रू प्रेस (मळसूत्राने दाबून पाणी काढणारं यंत्र). जाळीच्या नळकांड्यात एक मळसूत्र फिरतं आणि साली पुढे ढकलतं. पुढे जागा कमी कमी होत जाते. तोंडाशी शंकू दाबून बसलेला असतो, म्हणून तिथे चोथ्याचं बूच तयार होतं. त्यामागे दाब वाढतो आणि पाणी जाळीतून गळतं. शंभर किलो सालींतून सदुसष्ट लिटर पाणी निघतं, उरतो तेहतीस किलो चोथा. पाण्यापासून गॅस, चोथ्याचं खत.

निधी देण्याआधी पंचायत चाचणी बघायला येणार होती. आबांनी सालींत केळीच्या खोडाचे वाळलेले धागे मिसळून ठेवले होते. मला ती घाण वाटली. आई गवारीचे दोरे काढते ना, तसे मी शहाणीने बसून एकूण एक धागे काढले. पाहुण्यांपुढे माल स्वच्छ दिसावा, एवढंच डोक्यात होतं.

पिळ्या सुरू झाला आणि लगेच म्हणाला, "माल गुळगुळीत लागतोय. कोणी काही बदललं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

पिळ्याने विश्वास ठेवला आणि शंकू आणखी आवळला. भस्सकन लगदा उडाला तो थेट सरपंचबाईंच्या साडीवर. त्या पदर झटकत आबांना म्हणाल्या, "भास्करराव, हे काही आमच्या कामाचं नाही." यंत्र सदोष आहे असं लिहून मंडळी निघून गेली.

संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मूठभर चिखल दाबून बघ," ते म्हणाले. "बोटांतून निसटतो. नुसता लगदा तसाच. धागे एकमेकांत गुंततात आणि बूच धरून ठेवतात. शिवाय त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळते. वाटच नसेल तर कितीही दाबा, पाणी जाणार कुठून?"

आम्ही धागे परत मिसळले. या वेळी भुसभुशीत चोथा पडला.

"चोथ्यात सत्तर टक्केच पाणी उरलंय, म्हणजे जमलं," पिळ्या म्हणाला. "मग दुपारी माझं काय चुकलं?"

"तुझं नाही रे, माझं चुकलं," मी म्हणाले.

सरपंचबाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण निधी तोवर दुसऱ्या कामाला लागला होता. पुढची चाचणी वर्षाने. चैत्रात सायराच्या घराला कुलूप लागलं.

त्या चाचणीत पिळ्या पास झाला, आता तो रोज चालतो. वस्तीमागे साली पडत नाहीत, तीन घरं परत आली आहेत. विहीर उपसली, आणि तपासणीत पाणी पिण्याजोगं निघालं त्या दिवशी मी सायराला फोन केला.

ती म्हणाली, "हे गेल्या वर्षीच का नाही झालं गं?"

मी धाग्यांचं सांगितलं. ‘नाही’ म्हटल्याचंही सांगितलं. वाटलं, आता फोन ठेवेल.

"आणि मग? पुढचं सांग ना," ती म्हणाली.