टाकी गळत नव्हती

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पुढं जा.

मी जगदेवी. सोलापुरात भवानी पेठेत येऊन मला पन्नास वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. पण माझा शब्द खोटा निघाला म्हणणारं माणूस पेठेत सापडायचं नाही. नात अक्षता म्हणाली, आजी, तू सांग, मी लिहिते. म्हणून सांगते. मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होणार नाही.

गोष्ट रात्रीची नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार बघितलेली नाही. दोन ते चार. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पत्रे तडतडतात. माणसं घरात असून घर रिकामं वाटतं.

गेल्या वर्षीचा मे महिना. सोमवार. दुपारचे सव्वादोन.

आणि कूलरची मोटर घरघरली...

मोटर तशी घरघरते ती पाणी संपल्यावर. मी बारा वाजता टाकी काठोकाठ भरली होती. माझ्या हातानं. कितीही ऊन असलं तरी ती टाकी पाचपर्यंत पुरते.

झाकण उचलून बघितलं.

तळ कोरडा.

आता हा कूलर म्हणजे काय ते सांगते. लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा. वीस वर्षांपूर्वी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उभं राहून करून घेतला. पेंडीचं दुकान सांभाळून कूलरची सगळी सेवा तेच करायचे. पाडवा झाला की जाळीतलं जुनं गवत काढायचं, क्षार खरवडायचा, पंख्याला तेल, टाकीला आतून डांबर, मग नवा वाळा. त्या दिवशी घरभर वाळ्याचा वास. ते कूलरपुढं पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "जगदेवी, ये हितं, काश्मीर बघ."

मी कधी बसले नाही. मला कामं असायची.

मालक गेल्यावर मुलगा मल्लिनाथ एसी घ्यायचं म्हणाला. मी म्हणाले, "बापानं केलेल्या कूलरला एवढ्यात कंटाळलास? चालवते मी." आणि चालवला. जाळी बदलली, गंजलेल्या कोपऱ्याला एम-सील लावलं, नवी मोटर घातली.

आणि त्या सोमवारी टाकी कोरडी.

मी सून महानंदाला हाक मारली. ती जेऊरची.

"टाकीतलं पाणी कुटं गेलं?"

"मला काय म्हाईत, आत्या? तुमीच भरली हुती की."

"धुण्याला घेतलं असशील. जेऊरला तुमच्या दारात विहीर असंल, हितं पाचव्या दिवशी नळ येतो."

"आत्या, मी हात न्हाय लावला."

"मग पाण्याला पाय फुटले व्हय?"

 डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी आणखी दोन शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सव्वादोन... आणि घर्रर्र...

शिवू मिस्त्रीला बोलावलं. त्याचे केस कूलर दुरुस्त करण्यातच पिकलेत. त्यानं टाकी खडूची पूड लावून तपासली, आडवा पडून खालून बघितलं.

"अव्वा, टाकी गळत न्हाय."

"मग पाणी पितं कोण, तू?"

"फरशीला हात लावा. कोरडी खडखडीत हाय. गळलं असतं तर डबकं नसतं का झालं?"

फरशी कोरडीच होती.

चौथ्या दिवशी मी पहाऱ्याला बसले. सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं. टाकी भरली आणि कूलर बंद करून ठेवला. पंखा नाही, मोटर नाही. झाकण उघडं ठेवून समोर स्टूल टाकलं.

दोन वाजले. पाणी काठाला.

दोन वाजून दहा मिनिटं. पाणी काठाला.

बाहेर एक रिक्षा गेली. मग काही नाही. स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

सव्वादोन.

पाणी हललं...

कोणी ओंजळ बुडवावी तसं हललं.

आणि उतरायला लागलं. एक बोट... दोन बोटं... आवाज येत होता. बारीक. तहानलेलं माणूस मान वर करून पितं ना, तसा. घटक... थांबायचं. दम घ्यायचं. परत घटक...

तो दम घेण्याचा आवाज मी ओळखला.

दोन वर्षं ऐकला होता.

आता जे सांगायचं ते सांगते. मल्लिनाथलासुद्धा हे मी आजवर बोलले नाही.

मालकांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कानडीतला एकच शब्द राहिला, नीरु. म्हणजे पाणी. प्यायला हवं असलं तरी नीरु, कूलर कोरडा पडला तरी नीरु. घोटभर पाणी पाजलं की मध्ये थांबून दम घ्यायचे.

गेले त्या दिवशी नळ येऊन सात दिवस झाले होते. पिंपं संपलेली. घरात दोन घागरी पाणी. दुसऱ्या दिवशी वैरागची माणसं अक्षताला बघायला यायची होती. मी घागरी चिंचेनं घासून, भरून, वर पांढरं फडकं बांधून ठेवल्या होत्या. जगदेवीच्या घरात पाहुण्याला पाणी मागून आणलं, असं कोणी बोलायला नको होतं मला.

सव्वादोनला कूलर घरघरला. गरम वारा यायला लागला.

"नीरु," मालक म्हणाले.

मी म्हणाले, "थांबा."

"नीरु."

महानंदा घागरीकडं गेली. मी तिला अडवलं. "हात लावायचा न्हाय." आणि त्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमी काय राजे लागून गेला का? सगळं गाव भाजतंय. जरा भाजलं तर मरत न्हाय माणूस."

हेच शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्यांनी परत मागितलं नाही. तोंड भिंतीकडं केलं.

चार वाजता मी चहा घेऊन गेले तर अंग तव्यासारखं तापलेलं... आणि आत कोणी नाही.

त्या दोन घागरी त्यांच्या शेवटच्या आंघोळीला लागल्या.

आमच्यात जाळत नाहीत. मातीत बसवतात. मे महिन्याची माती, खणणाऱ्याचे हात पोळत होते. त्या मातीत त्यांना बसवलं, आणि मी घरी आले.

म्हणून त्या दिवशी स्टुलावर बसून मी ओरडले नाही. पळालेही नाही. टाकी रिकामी झाल्यावर उठले, दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं पाणी तिच्यात ओतलं. म्हणाले, "घ्या."

ते पाणी हललं नाही.

त्याच आठवड्यात त्यांचं वर्ष होतं. मी फुलं घेऊन रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या मातीच्या जागेवर गेले. तिथला राखणदार गुरुपाद दारातच भेटला.

"अव्वा, पाणी घालताय त्ये चांगलं हाय. पर एवढं नगा घालू. लई चिखल हुतोय."

"कोण घालतंय पाणी?"

"तुमच्यातलंच कोनतरी असंल की. आमी माणूस न्हाय बघितलं. दुपारच्याला तेवढी जागा वली हुती बघा."

जाऊन बघितलं. आजूबाजूला भेगा पडलेली जमीन. आणि आमच्या मालकांची जागा काळी, ओली, गार. मी हात ठेवला.

वाळ्याचा वास आला...

त्यानंतर मिरगाचा पाऊस लागेपर्यंत मी रोज बाराला टाकी भरली. माझ्या वाटचं आंघोळीचं पाणीसुद्धा त्यात गेलं. मल्लिनाथ म्हणायचा, "अव्वा, हा कूलर पाणी खातोय, काढून टाकू." मी म्हणायचे, "खाऊ दे. तुज्या ताटातलं खातोय का?"

या वर्षी पाडव्याला परत वाळा बसवला. परत सव्वादोन. परत घटक... घटक...

मला बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू? वाटलं, घेताहेत तोवर फेडून होईल.

मग एप्रिलमध्ये अक्षता अनवाणी, ओल्या हातानं कूलरचं बटण दाबायला गेली. पत्र्यात करंट उतरलेला. पोर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. दातखीळ बसली. हात काळानिळा.

शिवू मिस्त्री म्हणाला, "अव्वा, पत्रा आतून पार कुजलाय. आता ह्याच्यात जीव घालू नका. आज वाचली, उद्या न्हाय वाचायची."

मल्लिनाथनं माझ्याकडं बघितलं. सगळे बघत होते.

एकीकडं पोर. एकीकडं ते.

मी म्हणाले, "न्या."

दोन माणसांनी कूलर उचलून टेम्पोत घातला. मी आत तोंड धुवत बसले. पाणी जपून वापरायचं भान त्या दिवशी राहिलं नाही.

एसी आला. खोली गार झाली. सव्वादोन वाजले... काही नाही. कसलाच आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी मी घागर घेऊन रुद्रभूमीत गेले. महानंदा म्हणाली, उन्हाचं एकट्या जाऊ नका, म्हणून ती सोबत आली. तिनंही कळशी घेतली होती.

मालकांची जागा फुटलेली. बोट जाईल एवढ्या भेगा.

मी घागर ओतली.

पाणी मातीत शिरलं नाही...

उंबऱ्यावर तेल सांडावं तसं वरच्या वर सरकलं. एवढ्या भेगा, पण एका भेगेत थेंब गेला नाही. कडेनं वाहून शेजारच्या बाभळीच्या बुडाशी गेलं. मी हातानं अडवलं. ओंजळीनं भेगेत घातलं. परत वर आलं. माझ्या पायाशी आलं आणि पलीकडं गेलं.

"मालक," मी म्हणाले, "घ्या की."

माती कोरडीच.

महानंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, सरका जरा. मी घालते."

तिनं कळशी वाकडी केली.

घटक... घटक... माती ओढून घ्यायला लागली. बघता बघता सगळी कळशी गेली. वर फेससुद्धा राहिला नाही.

त्या पोरीनं तेव्हाही पाणी द्यायलाच हात पुढं केला होता. मीच तिचा हात धरला होता.

 रिक्षात बसल्यावर मी एवढंच म्हणाले, "टाकीतलं पाणी तू न्हाय घेतलंस, मला म्हाईत हाय."

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ती म्हणाली.

आता दर सोमवारी महानंदा जाते. घागर मी घासते, मी भरते, फडकं मी बांधते. उचलायची तिनं. मी घरी त्या गार खोलीत बसते, आणि सव्वादोन वाजले की माझा घसा सुकतो. तांब्याभर पाणी प्यायले तरी सुकलेलाच राहतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही.

रुद्रभूमीत त्यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवली आहे. मला मरणाची भीती नाही, कधीच नव्हती. पण शेजारी बसवल्यावर ते तोंड माझ्याकडं करतील का, एवढं मला कोणी सांगत नाही.